मफलरचा रंग

“हाच का तो?” फौजदारांनी विचारलं, आणि निमीनं सरळ माझ्या भावाकडं बोट केलं.

“हाच, साहेब. मफलर बघा ना. तपकिरी. तोच आहे.”

निमी म्हणजे निर्मला वाघचौरे. माझी जिवाभावाची मैत्रीण, एका डब्यात जेवायचो आम्ही. तिच्या मागं आमच्याच वर्गातली सात-आठ पोरंपोरी उभी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. गाडी राजदूत, गळ्यात मफलर, माणूस हाच. प्राचार्य सबनीसांच्या खोलीत सुदामदादा भिंतीला पाठ लावून उभा होता. गळ्यातला मफलर त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, काढून ठेवावा की नको ते त्याला कळत नसावं.

मला राग आवरत नाही. तेव्हाही आवरायचा नाही, आता केस पिकले तरी आवरत नाही. मी ओरडलेच.

“काय बोलायलीस निमे? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“शकू, जे पाहिलं ते सांगतेय मी. तुला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलू का?”

“मीपण तिथंच होते, तुझ्या शेजारी गॅलरीत. मला नाही दिसला मफलर!”

फौजदार बनसोडे शांत माणूस होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुम्ही ह्यांच्या कोण?”

“बहीण.”

“मग बाई, तुम्हाला कसा दिसेल?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करते काय? फौजदार उठले. म्हणाले, जेवून येतो, मग सगळ्यांचे जबाब लिहून सह्या घेतो, तोवर ह्याला इथंच बसवा. दाराशी एक हवालदार ठेवून ते गेले.

झालं होतं ते असं. सोमवारी तास सुरू व्हायच्या आधी आम्ही मानसशास्त्राची सगळी मुलं वरच्या गॅलरीत उभी होतो. खाली फाटकाजवळ पारूबाई शेंगा विकायला बसायची. एक राजदूत मोटारसायकल भरधाव आली, पारूबाईला उडवलं आणि धुरळ्यात निघून गेली. म्हातारीचा पाय मांडीतून मोडला. ती सोलापूरला सरकारी दवाखान्यात पडली होती, शुद्धीत होती-नव्हती. सगळं गाव चिडलं होतं. दोन दिवसांनी प्राचार्यांनी वर्गावर येऊन विचारलं, गाडीवाला नीट कुणी पाहिला? आमच्यापैकी बरेच जण म्हणाले, धुरळाच फार होता सर, चेहरा काही कळला नाही. निमी आणि आणखी काही जण मात्र छातीठोक म्हणाले, मफलरवाला होता. राजदूत आणि मफलर म्हटल्यावर पोलिसांना लांब जावं लागलं नाही. आमच्या वाडीहून रोज दूध घेऊन तालुक्याच्या डेअरीत येणारा, थंडी असो की नसो गळ्यात मफलर असणारा सुदाम गवसाने सगळ्या गावाला माहीत होता.

आणि आमचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. दादाची पोलीस भरतीत निवड झाली होती. पहाटे धारा काढायच्या, दूध घालायचं आणि संध्याकाळी माळावर पळायचं, असं करून करून त्यानं ती मिळवली होती. आता फक्त चारित्र्याची पडताळणी राहिली होती. नावावर गुन्हा चढला की खाकी कपड्यांचं नावच काढायला नको. तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पारूबाईचं काही बरंवाईट झालं असतं तर तो तुरुंगात गेला असता.

हवालदार तंबाखू मळत बसला होता. मी दादाजवळ गेले.

“दादा, मला खरं सांग. सोमवारी त्या वेळेला कुठं होतास?”

“रोजच्यासारखाच.”

“म्हणजे कुठं?”

“शके, रोज त्या वेळेला मी डेअरीतनं निघतो. रोज ह्याच रस्त्यानं जातो. सोमवार काय अन् मंगळवार काय, मला काय वेगळं ठाऊक?”

“आठव की मग!”

“आठवतोयच.” तो म्हणाला आणि खाली बघायला लागला.

दादा भांडणारा नसला तरी मुखदुर्बळ नव्हता. डेअरीतल्या फॅट मोजणाऱ्या कारकुनाला तो चारचौघांत सुनवायचा. आज मात्र एकदासुद्धा ‘मी नव्हतो’ म्हणाला नव्हता. मी बाहेर आले तेव्हा माझ्या मनात नको ते यायला लागलं होतं. सात-आठ जण सांगतात आणि मी एकटी नाही म्हणते. फौजदार म्हणतात ते खरं असलं तर? भाऊ म्हणून माझ्याच डोळ्यांनी मला फसवलं असलं तर?

निमी पाण्याच्या टाकीजवळ तोंड धूत होती. रडली होती.

“तुझ्याशी बोलायचं नाही मला,” मी म्हणाले आणि बोलायला लागले. “एवढ्या वरून, एवढ्या धुरळ्यात, तुला मफलरचा रंग बरा दिसला गं?”

“दिसला म्हणजे दिसला! तपकिरी. मी तर दुसऱ्याच दिवशी लिहूनसुद्धा दिलंय.”

“कुणाला?”

“टिपणीस सरांना. कागद नव्हते का वाटले त्यांनी? त्यात विचारलंच होतं की.”

“काय विचारलं होतं?”

“विसरलीस? ‘मोटारसायकलवाल्याच्या मफलरचा रंग कोणता होता?’”

“माझ्या कागदावर असलं काही नव्हतं.”

“असं कसं नव्हतं? सगळ्यांना सारखेच कागद होते.”

“नव्हतं, निमे. माझ्या कागदावर होतं, ‘गाडीवाल्याच्या अंगावर काय काय होतं?’ मी लिहिलं, आठवत नाही.”

नळ तसाच वाहत होता.

इथं आमच्या टिपणीस सरांबद्दल सांगायला पाहिजे. पुण्याहून आलेला तरुण माणूस, सडपातळ, बोटं सिगारेटनं पिवळी झालेली, आणि शिकवणं असं की पोरं दुसऱ्या वर्गातून येऊन बसायची. त्या वर्षी स्मरणाचं प्रकरण चालू होतं. सर रोज कुणीतरी केलेला एक अभ्यास सांगायचे. एका गटाला शब्दांची यादी शांत खोलीत पाठ करायला दिली, दुसऱ्या गटाला रेडिओ लावून दिली. बोला! मग आम्ही ओरडायचो, पद्धत प्रायोगिक! आवाज हा स्वाश्रयी चल! किती शब्द आठवले तो पराश्रयी चल! सर टेबलावर थाप मारायचे. “मोठमोठ्या नावांना घाबरू नका. काय बदललं ते शोधा, काय मोजलं ते शोधा, आणि बाकी सगळं सारखं ठेवलंय का ते बघा.” आम्हाला त्या खेळाचं इतकं वेड लागलं होतं की डब्यातल्या आमटीवरसुद्धा आम्ही चल ओळखायचो.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सर सायक्लोस्टाइल केलेले कागद घेऊन आले. म्हणाले, पाहिलेलं ताजं आहे तोवर लिहून काढा, पुढच्या शनिवारी परत विचारीन. बाकावरच्या एकाला एका गठ्ठ्यातला कागद, शेजारच्याला दुसऱ्या गठ्ठ्यातला. आम्ही मुकाट्यानं लिहिलं. वर्षभर दुसऱ्यांच्या प्रयोगातले चल ओळखणारे आम्ही शहाणे, आमच्याच हातात काय दिलंय ते एकालाही ओळखता आलं नाही.

“काय बदललं?” मी निमीला विचारलं.

ती पांढरी पडली. “प्रश्न.”

“आणि काय मोजलं?”

“आम्हाला काय आठवतं ते,” ती पुटपुटली. मग एकदम म्हणाली, “पण शकू, मफलर मला दिसतोय गं. आत्ता, इथं. खोटं नाही बोलत मी.”

मी तिला तिथंच सोडून धावले. कँटीनमध्ये, झाडाखाली, जो भेटेल त्याला धरून विचारत गेले, तुझ्या कागदावर मफलरचा प्रश्न होता का? होता म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना मफलर आठवत होता. नव्हता म्हणणाऱ्यांपैकी एकालाही आठवत नव्हता. जबाब द्यायला आत उभे होते ते सगळेच्या सगळे पहिल्यातले.

सर विभागाच्या प्रयोगशाळेत होते. आरसा, घड्याळं, शब्द दाखवायचं ते फिरतं यंत्र, ह्या पसाऱ्यात बसून ते काहीतरी तपासत होते.

“सर, तुम्ही दोन तऱ्हेचे कागद वाटले ना?”

सर हसले. खरं सांगते, आनंदानं हसले. “ओळखलंस? शाबास! पण कुणाजवळ बोलू नकोस हं. शनिवारची दुसरी चाचणी व्हायची आहे. आधी कळलं की सगळं मुसळ केरात. उन्हाळ्यात परिषदेत वाचायचाय मला हा निबंध.”

“सर, मफलर होता की नव्हता?”

“मला काय माहीत? मी त्या वेळी स्टाफरूममध्ये होतो.”

“मग तुम्ही आणला कुठून?”

“थंडीचे दिवस आहेत. मफलर म्हटलं की पटेल असं वाटलं.” माझा चेहरा बघून ते थांबले. “का गं? काय झालं?”

“त्या मफलरपायी खाली माझ्या भावाला धरून ठेवलाय. तो आता तुरुंगात जाईल.”

पोलीस कॉलेजात आलेले त्यांना माहीत होतं, कशाच्या जोरावर आलेत ते माहीत नव्हतं. त्यांच्या हातातला कागद खाली पडला. त्यांनी तो उचललाही नाही.

“चला सर. फौजदार येतीलच. तुम्ही सांगा.”

“थांब. थांब जरा.” त्यांनी सिगारेट काढली, पेटवली नाही. “शकुंतला, मी हे प्राचार्यांना न विचारता केलंय. पोलीस प्रकरणात. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. ते मला उद्याच्या उद्या घालवतील. मला विचार करू दे.”

“करा ना विचार! सावकाश करा! माझा भाऊ बसेल गजाआड तोवर!”

सरांशी असं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी दार आपटलं आणि जिन्यात येऊन रडले. मग नाक पुसलं आणि खाली गेले.

फौजदार आले होते. टेबलावर कोरे कागद मांडले होते, निमी समोर खुर्चीत बसली होती आणि प्राचार्य घाई करत होते. आवरा साहेब, बाहेर लोक जमायला लागलेत, संस्थेचं नाव आहे.

“साहेब,” मी दारातूनच म्हणाले, “लिहायच्या आधी माझं ऐका.”

“परत ही!” प्राचार्य म्हणाले. “गवसाने, बाहेर व्हा. बहिणीची साक्ष कोण धरतंय?”

“माझी साक्ष धरूच नका! मला काही दिसलं नाही, मी काही सांगतही नाही. फक्त ह्यांना एक विचारा. ज्यांच्या कागदावर मफलरचा प्रश्न होता त्यांनी खिडकीकडं व्हा म्हणावं.”

“कसला कागद?” फौजदारांनी विचारलं.

कुणी हललं नाही. प्राचार्य हवालदाराला हाक मारायला लागले. तेवढ्यात निमी खुर्चीतून उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिच्या मागं एकेक करत सगळे गेले. टेबलापुढं कुणी राहिलं नाही. मी दार उघडलं. बाहेर मी गोळा करून आणलेली बाकीची पोरं होती. “आणि हे दुसरे. हेही त्याच गॅलरीत होते. ह्यांना कुणी मफलरचं विचारलं नाही, आणि ह्यांना कुणाला तो आठवत नाही. विचारा एकेकाला.”

“ह्या पोरीनं शिकवलं असेल सगळ्यांना,” प्राचार्य म्हणाले. “भावासाठी काय वाटेल ते करेल ती.”

फौजदारांना पटलं नव्हतं, ते मला दिसत होतं. त्यांनी दादाकडं पाहिलं. “तुझं काय म्हणणं आहे रे? तू काहीच बोलत नाहीस.”

दादानं मान वर केली. ओठ हलले. “साहेब, मी...”

“मफलर मी घातला.”

दारात टिपणीस सर उभे होते. काखेत कागदांचे दोन्ही गठ्ठे. त्यांनी ते टेबलावर ठेवले. “हे सगळे कागद अपघाताच्या दुसऱ्या दिवशीचे आहेत, तारखेसकट. अर्ध्या मुलांना मी मफलरचा रंग विचारला. गाडीवाल्याच्या गळ्यात मफलर होता की नाही, मला ठाऊक नाही. मी तो मनानं घातला. ह्या मुलांची चूक नाही. ती खरंच बोलतायत, त्यांना खरंच दिसतोय.”

“तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला?” प्राचार्य ओरडले.

“आता कळतंय,” सर म्हणाले.

फौजदारांनी दोन्ही गठ्ठ्यांतले कागद बराच वेळ चाळले. मग ते उठले, खिडकीशी गेले आणि बाहेर पोर्चमध्ये उभ्या असलेल्या दादाच्या गाडीकडं पाहत राहिले. दुधाचे कॅन अडकवायला तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटी होत्या, वेल्डिंग करून पक्क्या बसवलेल्या. चांगल्या हातभर बाहेर आलेल्या.

“बाई,” त्यांनी निमीला विचारलं, “तुम्ही गाडी पाहिली. तिला ह्या चौकटी होत्या?”

निमी खिडकीतून बघत राहिली. “नाही,” ती म्हणाली. “गाडी मोकळी होती.” मग तोंडावर पदर दाबून मोठ्यानं रडायला लागली.

फौजदारांनी दुसऱ्यांना विचारलं, तिसऱ्यांना विचारलं. मोकळी होती. त्यांनी टेबलावरचे कोरे कागद गोळा केले आणि दादाला म्हणाले, “जा तू घरी. लागलं तर बोलवीन.”

पुढं काही दिवसांनी खरा गाडीवाला तुळजापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात सापडला. दिवा फुटलेली गाडी दुरुस्तीला टाकून गेला होता. त्यानं कबूल केलं. पारूबाई काठी घेऊन का होईना, पुन्हा फाटकाशी बसायला लागली. सरांना मात्र वर्ष संपल्यावर घालवलंच. जाताना आम्ही सगळे स्टँडवर गेलो होतो, निमी सगळ्यांत पुढं. दादा पोलिसात गेला, जमादार होऊन निवृत्त झाला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ह्यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं.

त्या दुपारी मी दादाच्या मागं गाडीवर बसून वाडीला निघाले. कॅन खडखडत होते. मी एकटीच बडबडत होते, प्राचार्यांचं तोंड कसं झालं, फौजदार कसा देवमाणूस. दादा हूं की चूं करत नव्हता. ओढ्याच्या अलीकडं मात्र मला राहवेना.

“काय रे, तोंड शिवलं होतं का तुझं सकाळपासून? एकदा तरी ठणकावून सांगायचंस, मी नव्हतो म्हणून. मला काय काय वाटायला लागलं होतं माहितीय?”

त्यानं गाडी बाजूला घेतली. बंद केली. उतरला नाही, तसाच समोर बघत म्हणाला,

“कसं सांगू? परवा हवालदारानं डेअरीत गाठून विचारलं तवापासनं आठवायलोय, घरी बोललो न्हाई. तुझी निमी कशाला खोटं बोलंल? शिकलेली पोरं, सगळी एकच सांगायलीत. मग मला वाटलं, असंल. आपल्या ध्यानात आलं नसंल. आठव आठव आठवलं, अन् शके...”

“काय?”

“दिसाय लागलं गं. फाटक. टोपली उडालेली. तिचं हिरवं लुगडं चाकात गुतलेलं. आता बी दिसतंय.” तो माझ्याकडं वळला. “मी साहेबाला सांगणार होतो, लिहून घ्या, मीच हाय. सर आले म्हणून राहिलं. पण ते चौकटीचं काय खरं? धुरळ्यात त्या पोरांस्नी नसंल दिसलं. खरं सांग, तू वरनं बघितलंस. लुगडं हिरवंच होतं का?”

आयुष्यात एवढी घाबरले नाही मी कधी. तो माझ्याकडं वळून बघत होता, आणि मी जे म्हणेन ते तो जन्मभर धरून बसणार होता.

“छट्,” मी म्हणाले. “तांबडं होतं. लालभडक. मी नीट पाहिलंय.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे? डोळे फुटलेत का माझे? तांबडं होतं.”

त्यानं मफलरनं तोंड पुसलं आणि म्हणाला, “म्हंजे मी न्हाईच बघितलं ते.”

“नाहीच बघितलंस. चल आता, आई वाट बघत असेल.”

त्यानं किक मारली. पारूबाईच्या अंगावर त्या दिवशी कोणत्या रंगाचं लुगडं होतं, ते मला तेव्हाही आठवत नव्हतं आणि आजही आठवत नाही.